महिन्याची भाजी चाळीस रुपये

आधी हातातला कप खाली ठेवा. ठेवाच! मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला, शर्ट खराब झाला आणि त्याच्या बायकोनं दोष मला दिला. माझ्या मूर्खपणाची धुलाई दुसऱ्याच्या घरी कशाला?

तर गोष्ट अशी की मी निवृत्त होणार होतो. एक्कावन्नाव्या वर्षी! सरकार अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवतं, पण मला तेवढा दम नव्हता.

आत्ताच हसू नका, हसायच्या जागा पुढे आहेत. हिशेब नीट केला तर माणूस कधीही मोकळा होऊ शकतो, असं मोबाइलवरच्या एका कोटवाल्या माणसानं मला समजावून सांगितलं होतं. आणि माझी परिस्थिती तशी होतीही. मी साकोलीला एका सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक. राहतो लाखनी आणि साकोलीच्या मधल्या एका गावात, हायवेपासून दोन किलोमीटर आत. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. मुलगी पिंकी नागपूरला नोकरीला लागलेली. नोकरी जुनी, म्हणून पेन्शनही जुन्या पद्धतीची. घरात दोनच माणसं, मी आणि माझी बायको सुनंदा. मग रोज सकाळी डबा घेऊन मोटरसायकलला किका मारायच्या त्या कोणासाठी?

मला जगात फार काही नको होतं हो. परदेशवारी नको, मोठी गाडी नको. मला फक्त दुपारी दोन ते चार झोपायचं होतं. पोटात भात गेला की आमच्या भागातल्या माणसाचे डोळे आपोआप जड होतात, त्यात त्याचा काही दोष नाही. अठ्ठावीस वर्षं सरकारनं माझी दुपार हिरावून घेतली होती. ती मला परत पाहिजे होती, बस!

ऑफिसातलं माझं काम तसं जबाबदारीचं. टेबलावर आलेला कागद मी घाईनं पुढे ढकलत नाही. कागद थोडा मुरू द्यावा, असं माझं मत आहे. जेवणानंतर तर मी एकेका फायलीवर फार खोल विचार करतो. विचार करताना डोळे मिटायची मला सवय आहे. लोक त्याला काय म्हणतात ते सोडा.

तर तो कोटवाला म्हणाला, एक महिना घरातला पै न् पैचा खर्च लिहून काढा. एकच महिना! त्याला बारानं गुणा. वर्षाची पेन्शन त्याच्यापेक्षा जास्त असेल तर तुम्ही आजच राजे.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर पहिली नोंद केली, 'वही, पंचेचाळीस रुपये.' इतका मी प्रामाणिक!

आता भाऊबीजेनंतर आमच्याकडे काय असतं, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. मंडई असते. भाजीची नव्हे! आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान कापून झालं, की एकेका गावाची मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. गावात दुकानं लागतात, पाळणे लागतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो आणि घरोघरी सोयरे येतात. आज तुम्ही आमच्या गावाला या, परवा आम्ही तुमच्या गावाला येतो. महिना-दीड महिना हे चालतं. ज्याचे सोयरे जास्त, त्याच्या घरची चूल कमी पेटते.

आणि माझे सोयरे किती? सुनंदाच्या माहेरच्या बाजूनं अकरा गावं, माझ्या बाजूनं सात.

पहिला आठवडा संपला. वही उघडली. दूध, दोन दिवस. भाजी, निरंक. किराणा, चहापत्ती आणि काडीपेटी. मी चकितच झालो! इतकी वर्षं मी उगाच घाबरत होतो की काय?

दुसऱ्या आठवड्यात सुनंदानं गवळ्याला सांगून दूध अर्ध्यावर आणलं.

"घरी आहोत कोठी आपन? दूध नासून जाते," ती म्हणाली.

मी वहीत लिहिलं, 'दुधाची गरज वयानुसार कमी होते.'

सिलिंडर हलवून पाहिलं तर भरलेलंच. लिहिलं, 'गॅस दोन महिने पुरतो.' थंडी पडली होती, पंखे बंद होते, कूलर माळ्यावर होता. लिहिलं, 'विजेची बचत उल्लेखनीय.' आणि भाजीचं तर विचारूच नका. आमच्याकडे सोयऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. प्रत्येक गावाहून येताना पिशवीत वांगी, तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, कोणाकडून नव्या धानाचे पोहे. महिनाभरात मी बाजारातून काय आणलं माहीत आहे? कोथिंबीर आणि लिंबू. चाळीस रुपये!

फक्त पेट्रोल त्रास देत होतं. दर दोन दिवसांनी टाकी भरावी लागत होती. शिवाय भाच्यांना बांगड्या, लहानांना फुगे, येताना जिलेबी. हे सगळं लिहायला गेलं की पानाची शोभा जात होती. पण कोटवाल्यानं सांगूनच ठेवलं होतं, जो खर्च नेहमीचा नाही तो वेगळा काढा. मंडईला काय आपण नेहमी जातो का? मी तो वेगळा काढला. इतका वेगळा काढला की शेवटच्या पानावर लिहिला आणि ते पान फाडून खिशात ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, बाबू, मंडईचं पेट्रोल वेगळं काढलं, मग मंडईतलं जेवण कसं नाही दिसलं? अहो, हे तुम्हाला सुचतं, कारण तुम्ही बाहेरून बघताय. जो माणूस जन्मापासून दर वर्षी असा जेवत आला, त्याला ते जेवण दिसतच नाही. खिशातून गेलं ते लिहायचं होतं. पोटात गेलं ते कोण लिहितं?

सुनंदानं एकदा विचारलं होतं.

"रोज काय लिहून राहिले जी तुमी?"

"ऑफिसचं आहे."

"ऑफिसचं काम तुमी ऑफिसात तं करत नाही, मंग घरी काहून करून राहिले?"

बायकोच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मी वही बंद केली.

महिना संपला. बेरीज आली चार हजार एकशे पाच रुपये. मी दोनदा केली, तीनदा केली, मोबाइलवर केली. चार हजार एकशे पाच! मग मी सावध माणसासारखा विचार केला. महागाईसाठी हजार धरले. दवाखान्यासाठी हजार धरले. काही चुकून राहिलं असेल तर त्याचे पाचशे धरले. तरी पेन्शनीतून एवढे पैसे उरत होते की त्या उरलेल्या पैशांचं काय करायचं, हीच काळजी लागली.

सोमवारी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. सुंदर अक्षरात, 'वैयक्तिक कारणास्तव'. तीन महिन्यांची नोटीस. सुनंदाला सांगितलं नाही, कारण तिला एकदम आनंदाचा धक्का द्यायचा होता. धक्का तिला बसलाच पुढे, पण तो कसला ते कळेलच.

आमचे साहेब साताऱ्याकडचे, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले. शांत माणूस. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला.

"मेश्राम, नक्की ना? घरी विचारलंय?"

"घरचा प्रश्नच नाही, साहेब. सगळा हिशेब झाला आहे."

"आणि निवृत्त होऊन करणार काय?"

"झोपणार, साहेब. दुपारी दोन ते चार. अठ्ठावीस वर्षांची इच्छा आहे."

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी बोलणार होते, बोलले नाहीत. अर्जाच्या कोपऱ्यात शेरा मारला, सही केली आणि कागद मलाच ट्रेमध्ये ठेवायला सांगितला. मी तो दोन हातांनी ठेवला.

बाहेर आलो तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की आवक-जावक बघणाऱ्या गभणे बाबूला मी स्वतःच्या पैशानं चहा पाजला. तो कपाकडे बघतच राहिला. मी वहीत लिहिलं नाही, कारण वही बंद झाली होती.

त्या आठवड्यात कारध्याजवळ सुनंदाच्या मोठ्या भावाच्या गावची मंडई होती. हे दिगांबर दादा. मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी मटणाचा रस्सा वाढता वाढता विचारलं, "काय जवाईबापू, ड्युटी कशी सुरू आहे?" आणि माझ्या पोटात राहिलं नाही हो! रस्सा राहिला, गोष्ट राहिली नाही.

"दादा, कोणाला सांगू नका. मी नोकरी सोडतोय."

दादांच्या हातातली पळी थांबली. "काहून? काही भानगड झाली का?"

"भानगड कसली? हिशेब केला. पेन्शनीत सगळं भागतं. आता आराम."

"अरे वा वा वा!" दादा इतक्या जोरानं म्हणाले की शेजारच्या पंगतीतले लोक वळले. "आमचे जवाई बावन पुरे होयाच्या आंधीच राजे झाले!"

"दादा, कोणाला..."

"छ्या! माह्या पोटातली गोठ बाहेर येते का कधी?"

संध्याकाळी निघालो तेव्हा पाळण्यावाल्यानं माझं अभिनंदन केलं. मी त्याला ओळखतही नव्हतो. नशीब, सुनंदा तेव्हा वहिनींकडून पिशवी भरून घेत होती.

चार दिवसांनी आमच्या गावची मंडई. आमची सगळ्यांत शेवटी असते, हंगाम आटोपता आटोपता. माझी वही बंद होऊन तेव्हा दोन आठवडे होत आले होते, हे लक्षात ठेवा. मी तेव्हा लक्षात ठेवलं नव्हतं.

दर वर्षी आमच्याकडे वीसएक माणसं येतात. जेवतात, मंडई बघतात, दुसऱ्या दिवशी जातात. कारण मी ठरलेलं वाक्य बोलतो, "राहिले असते तर बरं वाटलं असतं, पण मला ड्युटी आहे ना!" या एका वाक्यावर माझा संसार अठ्ठावीस वर्षं तरला होता.

या वेळी सकाळी नऊलाच पहिला ऑटो आला. मग दुसरा. मग एक छोटा हत्ती टेम्पो, त्यात माझ्या मावशीच्या गावचे दहा जण. अकरा वाजता अंगणातल्या चपला मोजल्या तर एकेचाळीस जोड्या. आणि बाराला दिगांबर दादा आले. सोबत वहिनी, तीन पोरी, दोन जावई आणि गादीची एक गुंडाळी.

"दादा, गादी कशाला?"

"राहाले लागन ना बापू! दर वर्षी तुमाले ड्युटी राहते म्हून आमी गुमान चाललो जातो. आता कायची ड्युटी? आठ दिवस राहतो मस्त!"

मागून मावशीच्या गावचे म्हणाले, "आमीबी राहून राहिलो."

मी दारातच उभा राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. घर असं भरलेलं बघून छाती भरून आली. ओसरीत हसणं, अंगणात पोरं, आत बांगड्यांचा आवाज, फार बरं वाटलं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे हात आपोआप पाकिटाकडे गेला.

कारण तोपर्यंत मी तीनदा दुकानात जाऊन आलो होतो. तेलाचा डबा आणला. दहा किलो मटण आणलं, ते पुरेना म्हणून अजून चार आणलं. साखर, चहापत्ती, भाजी. भाजीवाल्यानं विचारलं, "बाबू, महिन्याभरानं दिसले! कोठी होते?" दुधासाठी गवळ्याला फोन केला तर तो म्हणाला, "तुमची तं गरज कमी झाली होती ना?"

पहिली पंगत बसली. सुनंदा भात वाढत होती. दादांनी ताटावरून मान वर केली आणि प्रेमानं म्हणाले, "सुनंदा, आता तुही मजा आहे बाप्पा. जवाईबापू दिवसभर घरीच!"

"घरीच म्हंजे?"

"म्हंजे नौकरी सोडली ना त्याईनं!"

सुनंदाच्या हातातल्या पळीतला भात माझ्या ताटात पडला नाही. ताटाच्या बाजूलाही पडला नाही. तो पळीतच राहिला आणि ती पळी माझ्या नाकासमोर.

"पिंकीचे बाबा. काय म्हंते दादा?"

"अगं, ते मी तुला आज सांगणारच होतो. आनंदाचा धक्का..."

"कोन्या हिशेबानं सोडली?"

मला वाटलं, हिशेब दाखवला की हिचा राग जाईल. इतकी सुरेख बेरीज! मी जेवणावरून उठलो, कपाटातून वही काढली आणि तिच्या हातात दिली. साऱ्या सोयऱ्यांसमोर! माणसाला आपल्या पायावर धोंडा पाडायचाच असेल तर तो असा शोधून आणतो.

सुनंदा वाचायला लागली. मोठ्यानं.

"भाजी. चाळीस रुपये." ती थांबली. "आठवड्याची?"

"महिन्याची," मी अभिमानानं म्हणालो.

पंगतीत कोणीतरी खोकलं.

"दुधाची गरज वयानुसार कमी होते." तिनं माझ्याकडे पाहिलं. "गॅस दोन महिने पुरते. आवो, गॅस पेटला कधी? मले सांगा, या महिन्यात आपन घरी जेवलो किती दिवस?"

"असं कसं, रोजच तर..."

तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. एकेका गावाचं नाव घ्यायची आणि त्या गावचा सोयरा पंगतीतून हात वर करायचा. शाळेत हजेरी घेतात तशी! "मावशीच्या गावी दोन दिवस." "हाजिर!" "लाखनीच्या आत्याबाईकडं एक." "हाजिर!" "दादाच्या दोन पोरींकडं दोन." दादांनी दोन्ही हात वर केले. बोटं संपली, तिनं वहिनींची बोटं घेतली. शेवटी उरले नऊ दिवस. त्यांतले चार दिवस आम्ही आणलेल्या पिशवीतलं खाल्लं होतं.

"अना पेट्रोल कोठी आहे यात?"

"ते एकदाच होणारं आहे. म्हणून वेगळं काढलं."

"दर वर्षी एकदाच?"

खिशातलं ते पान मला एकदम गरम लागायला लागलं.

"अना आज जे होऊन राहिलं ते कोठी लिहिलं?" तिनं अंगणभर हात फिरवला. "त्याईनं आपल्याले महिनाभर खाऊ घातलं, ते आज आपल्या घरी जेवून राहिले. तुमी खाल्लं तेवढं धरलं, वाढाचं धरलंच नाही! आजच्या एका दिवसात तुमचे तीन महिने गेले बाबू!"

दिगांबर दादा हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग सगळी पंगत. मावशीच्या गावचा एक म्हातारा तर भाताचा घास हातात धरून रडेपर्यंत हसला.

"चिंता नका करू जवाईबापू," दादा डोळे पुसत म्हणाले. "आमी आपसात ठरवून घेतो. तुमच्यासाठी बारा महिने मंडई ठेवू! जानेवारीत मी, फेब्रुवारीत आत्याबाई. तुमी फक्त पेट्रोल पाहा."

मीही हसलो. दुसरं करणार काय? पण अर्ज गेला होता हो! सही झाली होती! तीन महिन्यांनी पगार बंद होणार होता आणि माझ्याकडे उत्पन्नाचा आधार म्हणून चाळीस रुपयांची कोथिंबीर होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. म्हटलं, निदान ज्या सुखासाठी हे केलं ते एकदा बघून तरी घेऊ. जेवलो, दोन वाजता आडवा झालो. दोन वाजून पाच मिनिटांनी बचत गटाच्या बाया आल्या. बारा जणी. माझ्याच घरात, माझ्याच खाटेच्या बाजूला, दर आठवड्याला त्यांची बैठक भरते, हे मला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी उठून मागच्या खोलीत गेलो, तिथं दादा माझ्या आधी घोरत होते. त्यांनी ती गादी उगाच आणली नव्हती.

सुनंदा चहा घेऊन आली. आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी घरी राहाले मले काही नाही जी. खरंच नाही. पन असे भिऊन भिऊन नका राहू. सात वर्षं पुरी करा, मंग बिनधास्त झोपा. उद्या जाऊन अर्ज वापस आना." तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मला तेव्हा फारच लाज वाटली, कारण हिशेबात सगळं धरलं होतं, तिला विचारणं तेवढं धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडायच्या आधी ऑफिसात! वॉचमन घाबरला.

साहेब आले तसा आत घुसलो. "साहेब, तो अर्ज परत पाहिजे. हिशेबात चूक झाली."

"अहो, मी त्याच दिवशी शेरा मारून दिलाय. दोन आठवडे झाले. गेला असेल आता वर. जावकमध्ये बघा."

पळत गभणे बाबूकडे. त्यानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. मी त्याच्या बोटाकडे बघत होतो आणि मनात सात वर्षांचा पगार एकेक करून कमी होत होता.

"जावकमधी नाही जी."

"नाही? मग कुठे आहे?"

"शेरा काय होता?"

"'आस्थापना, नियमानुसार कार्यवाही करावी.'"

"मंग आस्थापनाच्या टेबलावर असन."

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच संताप आला. "दोन आठवडे! एवढा महत्त्वाचा कागद दोन आठवडे दाबून बसला तो? कोण आहे तो आळशी माणूस?"

गभणे बाबूनं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"बाबू, आस्थापना तुमच्याकडंच आहे."

सगळ्यांचे असे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. अठ्ठावीस वर्षं येतात! पण स्वतःचा अर्जही तिथंच येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्या टेबलापाशी गेलो. मुरायला ठेवलेल्या कागदांचा गठ्ठा होता तसाच होता. वरून चौथा कागद माझा होता, तो मी ओढून काढला. म्हणजे दोन आठवड्यांत मी वरचे तीन कागदसुद्धा हलवले नव्हते.

आणि सगळ्यांत वरच्या फायलीला मधोमध एक खळगा पडला होता. मी जरा वाकून पाहिलं. माझ्या गालाच्या मापाचा.

"बाबू, त्याच्यावरच डोकं ठेवून तुमी रोज दोन ते चार झोपता," गभणे बाबू मागून हळूच म्हणाला. "आमी कोनी उठवलं नाही. तुमी भल्ले थकून राहता ना जी!"

दारात साहेब उभे होते. त्यांनी अर्ज माझ्या हातातून घेतला, सरळ दोन तुकडे केले आणि मला परत दिले.

"त्या दिवशी हेच बोलणार होतो, मेश्राम. म्हटलं, झोपायला निवृत्ती कशाला हवी? तुमच्याइतकी पगारी दुपार मी कुठल्याच जिल्ह्यात बघितली नाही. पण तुम्ही एवढ्या तळमळीनं सांगत होता, मला वाटलं, घरची गादी चांगली असेल."

त्या दिवसापासून मी बदललो, बरं का! टेबलावरचा गठ्ठा जेवणाच्या आत संपवला. शेवटचा कागदही गेला. दोन वाजले. त्या दिवशी लाजेनं झोप येईना, खुर्चीत ताठ बसून राहिलो. टेबल एकदम मोकळं, गुळगुळीत दिसत होतं.

साडेतीनला मी उठलो आणि गभणे बाबूकडे जाऊन म्हणालो, "अरे, दोन-चार जुन्या फाइली दे ना. डोकं ठेवायला काहीच नाही."